चुकीच्या धक्क्याला लागलेली शिवी

शुक्रवार, २४ मे

माझा दादा, पाझी, आज हजला गेला. निघण्याआधी सगळ्यांची माफी मागायचा रिवाज आहे. पण जो माणूस उभा जन्म बागामोयोच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पुकारत आला, त्याला हे काम एका सकाळीत उरकत नाही. दादा किनाऱ्यावर एकेकाला हात जोडत फिरला आणि एकेकाने आपापली आठवण काढली. "शिळी मुशी ताजी म्हणून दिलीस, ती माफ," हॉटेलवाले मझे कितवाना म्हणाले, "पण ते पाकट, पाझी, ते पाकट मी अल्लाहसमोर काढणार आहे." शेवटी रडून दोघांनी मिठी मारली. पाकटाचं मिटलं असावं.

मग दादा बी मिलेंबेच्या चुलीपुढे गेला. ती रस्त्याच्या कडेला मासे तळते. तिची जमात न्याम्वेझी, आमची झारामो, म्हणजे ती आमची म्तानी. व्यापारी तांडे आतल्या मुलखातून इथवर यायचे तेव्हापासूनचं हे थट्टेचं नातं. तिने वाटेल ते बोलावं आणि आम्ही रागावू नये. आमच्यात कुणी मेलं तर जनाजा अडवून भेट उकळायचा हक्कही तिचा.

"माझी माफी मागू नकोस," ती म्हणाली. "म्तानी माफ करत नाही, वसूल करते."

दादाने चपला काढून पुढे केल्या.

"चपला नकोत. टोपी नको. जाताना तुझा हा मुका भाऊ इथे ठेवून जा, मग माफीचं बघू."

सगळे हसले. दादाही हसला, मग माझ्याकडे बघता बघता थांबला. "शोमारी," तो म्हणाला, "मी येईपर्यंत पुकारा तू कर."

मी होड्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकतो. त्या कामात बोलावं लागत नाही, आणि होडी उलट बोलत नाही. पण नाही कसं म्हणणार? बदामाच्या झाडाखालची ती जागा आमच्या घराण्याची. पणजोबांनी तिथे हस्तिदंत पुकारले, आजोबांनी डिंक आणि कातडी, वडिलांनी खोबरं, दादाने मासळी. मोठी जहाजं दार-एस-सलामच्या खोल पाण्यात गेली, आमच्याकडे गुडघाभर पाणी उरलं. माल लहान होत गेला, आवाज तेवढाच राहिला. हस्तिदंत पुकारले एवढंच घरात सांगतात. त्या काळी तिथे आणखी कुणाकुणाला पुकारून विकायचे ते कोणी सांगत नाही. त्याची माफी मी नमाजात एकटाच मागतो.

आता त्या जागी सिमेंटचा ओटा होणार आहे. तो कुणाला द्यायचा ते नवे मासेमारी अधिकारी ईदनंतर ठरवणार. होड्या आमच्याकडे लागल्या नाहीत तर ओटा दुसऱ्या दलालाला, सेफूला जाईल. सेफूकडे कर्णा आहे.

ही वही दादाने दिली. "रोजचं लिहून ठेव, आल्यावर वाचीन," म्हणाला. पण पहिल्याच पानावर शिळ्या मुशीचं लिहून बसलो. तेव्हा वही आता माझीच.

रविवार, २६ मे

बिस्मिल्ला म्हणून पहिली सुरमई उचलली. बिस्मिल्ला चांगलं झालं. पुढचं घशात राहिलं.

लोक थांबले. शेवटी मझे कितवानांनी विचारलं, "भाव काय?"

"तुम्हाला काय परवडेल?" मी म्हटलं.

त्यांनी सांगितलं. मी दिली. होडीवाला चांडे वाळूत बसला आणि त्याने डोकं गुडघ्यांत घातलं.

मग पाकट आलं. मी म्हटलं, "हे कालचं आहे." कोणी विचारलं नव्हतं.

"शोमारीभाऊ," चांडे म्हणाला, "तू दलाल कुणाचा? माझा की पाकटाचा?"

रस्त्याच्या कडेवरून मिलेंबेचा आवाज आला, "अरे, लिलाव चाललाय की जनाज्याची नमाज? जरा मोठ्याने म्हण, मयताला ऐकू येत नाहीये!"

मी तिला म्हटलं, "अल्लाह तुझं भलं करो." याने ती आणखी चिडली. का, ते कळलं नाही.

गुरुवार, ३० मे

निम्म्या होड्या सेफूकडे गेल्या. त्याच्या कर्ण्यातून आधी गाणं, मग भाव, मग परत गाणं.

बी मिलेंबेने आज चूल हलवली. आधी ती रस्त्याकडे होती, गिऱ्हाईक तिकडेच असतं. आता थेट माझ्यासमोर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणून मांडली. सगळा धूर माझ्या डोळ्यांत. दिवसभर माझ्या सात पिढ्या काढते, मी दुवा देतो, ती झारा आपटते. या बाईच्या मनात माझ्याविषयी एवढं काय साठलंय?

माझी मासळी मात्र तीच घेते, आणि सेफूकडच्यापेक्षा चढ्या भावाने, कुरकुरत. नवरा गेल्यापासून एकटीने धंदा उभा केलेली बाई. व्यवहारात इतकी कच्ची असेल असं वाटलं नव्हतं.

आज तिच्या कांग्याच्या, अंगावर गुंडाळायच्या कापडाच्या, काठावर ओळ छापली होती, "मी इथे बसले, तुझी नजर कुठे". गिऱ्हाइकासाठी असावं. जाहिरात चांगली आहे.

सोमवार, ३ जून

आज होड्या दोनच. शेख मकामेंकडे गेलो. म्हटलं, एक बाई चारचौघांत माझ्या पणजोबांचा उद्धार करते. मी सबुरीने घेतो, दुवा देतो, तरी थांबत नाही. शरियतीत काय सांगितलंय?

"कोण बाई?"

"मिलेंबे."

"तुझी म्तानी? आणि तू तिला दुवा देतोस?"

"रोज."

शेखांनी कपाळाला हात लावला. "अरे, दुवा परक्याला देतात. म्तानीने शिवी दिली आणि तू दुवा दिलीस, म्हणजे तू तिला सांगितलंस, बाई, तू माझी कोणी लागत नाहीस. आणि वर सवाबाचं पुण्यही स्वतःच घेतलंस! तिने अजून कढई तुझ्या डोक्यात घातली नाही, हा तिचा संयम बघ."

मला खरंच वाईट वाटलं. इतके दिवस मी त्या बाईचा अपमान करत होतो आणि अल्लाहकडे माझ्या सबुरीचं कौतुक सांगत होतो.

पहाटेच्या फजरनंतर शिव्या आठवायला बसायचं ठरवलंय.

बुधवार, ५ जून

फजरनंतर बसलो. तस्बीची माळ हातात असेपर्यंत एकही शिवी सुचेना. तस्बी खिशात ठेवली, मग सुचल्या.

किनाऱ्यावर गेलो. मिलेंबे तयारच होती. "आलास, पाणीविक्या? माझा पणजोबा ताबोराहून हत्तीचा दात खांद्यावर घेऊन चालत आला, महिनेच्या महिने! आणि तुझ्या पणजोबाने त्याच्याकडून कापड घेऊन त्याला काय दिलं? खाऱ्या विहिरीचं पाणी! ते कापड अजून तुमच्या घरात आहे. बघा बघा, ह्याच्या अंगावरचा पायघोळ कांझू बघा, तेच!"

माझे कान तापले. सुरमई हातात तशीच. आणि मग तोंडातून निघालं, "तुझा पणजोबा? तो समुद्र बघून दातासकट मटकन खाली बसला! म्हणाला, एवढं मोठं तळं आणि काठावर एक गाय नाही! मग ओंजळ भरभरून प्यायला. आम्ही कशाला विकू त्याला खारं पाणी? त्याने आधीच फुकट ढोसलं होतं!"

मिलेंबेचा झारा हवेत. मला वाटलं, आता फेकते.

मग मझे कितवाना हसायला लागले, मग चांडे, मग सगळा किनारा. मिलेंबेच्या डोळ्यांत पाणी आलं. धूर लागला असणार, पण वारा तर माझ्या बाजूला होता.

"हां!" ती ओरडली. "झारामोला जीभ आहे की! आता त्या सुरमईचा भाव बोल, का तिलाही दुवा देऊन गाडणार आहेस?"

मी भाव बोललो. एवढ्या मोठ्या आवाजात की बदामावरचे कावळे उडाले.

"एवढा भाव? ह्यात काय हस्तिदंत आहे?"

"हस्तिदंत असता तर तुझ्या खांद्यावर दिला असता, तुमच्याकडे पिढीजात सवय आहे!"

तिने भाव वाढवला, मला खाली बघायला लावायला. मझे कितवानांनी तिच्यावर वाढवला, हसता हसता. चांडे उभा राहून नाचला. दुपारपर्यंत पाकटसुद्धा गेलं. "हे कालचं आहे," मी सांगितलं. "तुमच्या घराण्यात ताजं कधी होतं?" ती म्हणाली आणि तिनेच घेतलं.

रविवार, ९ जून

होड्या परत आल्या. सेफू कर्णा बंद करून आमचं ऐकायला उभा राहतो आणि मग त्याच्याकडची मासळी तापते.

मला वाटायचं या गावाचा इतिहास किल्ल्याच्या भिंतीत आहे. तो आमच्या दोघांच्या भांडणात निघतोय. कोणी कुणाला ओझ्याच्या वजनात फसवलं, कुणाच्या आजोबाने डिंकात वाळू मिसळली, रेल्वे दार-एस-सलामला गेली त्या दिवशी कोण छाती पिटून रडलं. तिला इतकं कसं माहीत, विचारलं. म्हणाली, "तुमच्या घराण्याबद्दल मी लहानपणापासून माहिती काढतेय." एवढा पिढीजात राग मी कुणात पाहिला नाही.

माझ्यात अहंकार शिरतोय. नोंद करून ठेवतो.

नवे अधिकारी बुधवारी येणार. म्वांझाहून बदली. म्वांझाचे म्हणजे सुकुमा, सुकुमा म्हणजे न्याम्वेझींचे भाऊबंद, म्हणजे आमचे म्तानी! ओट्याचा निकाल आपल्या म्तानीच्या हातात. अल्लाहने वाट किती सोपी केली. स्वागताला एक चांगली शिवी तयार केलीय. आतापर्यंतची सर्वांत चांगली.

बुधवार, १२ जून

आज लिहवत नाही. तरी लिहितो.

साहेब इस्त्रीचा शर्ट आणि चकचकीत बूट घालून वाळूत उतरले. मी सगळ्यांच्या पुढे गेलो आणि पुकाऱ्याच्या आवाजात म्हटलं, "या, या! गाईचं शेपूट धरून आलात की वाटेत सुटलं? हा समुद्र! घाबरू नका, पिऊ नका, नुसता बघा! आणि हे बूट कुणाच्या मयतातून ओढून आणले?"

मी हसायची वाट बघितली.

साहेब म्हणाले, "माझं नाव मुतालेम्वा. मी बुकोबाचा. हाया."

म्वांझाला ते फक्त नोकरीला होते. हायांशी आमचं काहीच नाही. ना थट्टा, ना सोयरीक. त्यांच्याकडची केळीसुद्धा आमच्या बाजारात येत नाहीत. मिलेंबेच्या कढईत तेल तेवढं बोलत होतं.

"बूट माझ्या वडिलांचे आहेत," साहेब म्हणाले. "ते गेल्या वर्षी गेले."

ओट्याचा निकाल पुढच्या गुरुवारी, सर्वांसमोर. म्हणजे निकाल लागलाच. पणजोबांपासून चालत आलेली जागा माझ्या एका वाक्यात गेली. आणि ते वाक्य मी नीट घोकलेलं होतं.

सोमवार, १७ जून, ईद

दादाचा मिनाहून फोन. "जागा ठीक आहे ना?"

"जागा आहे तिथेच आहे," मी म्हटलं. हे खोटं नाही.

माफी मागायला साहेबांकडे दोनदा गेलो. दोन्ही वेळा "ठीक आहे" म्हणून त्यांनी दार लावलं. आज तिसऱ्यांदा गेलो तर दार उघडंच. टेबलावर एक ताट, एक पेला, एक खुर्ची. इथे आल्यापासून साहेबांना "जी साहेब" सोडून कोणी काही बोललं नसावं. मी सोडून. मी उंबऱ्यावरूनच परतलो.

दुपारी मिलेंबे पुलावाचं ताट घेऊन दारात. "खा, मूर्खा. उपाशी मेलास तर तुझा जनाजा अडवून मला काय मिळणार? एक हातोडी आणि कापसाचा बोळा!"

मी ताट घेतलं. ती दारातच थांबली. नवा कांगा नेसली होती, लाल. काठावर "तुझ्यावाचून बाजार सुना". मी म्हटलं, खरं आहे, ईदला मंदीच असते.

ती पाय आपटत गेली. पुलाव उत्तम होता.

गुरुवार, २० जून

अल्लाहची कुदरत. सगळं जसं घडलं तसं लिहितो.

साहेब बदामाखाली खुर्चीवर. एका बाजूला सेफू कर्णा पुसून उभा, दुसऱ्या बाजूला मी, मान खाली. साहेबांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मिलेंबे झारा हातात घेऊन गर्दी कापत पुढे आली.

"साहेब, तुमच्याकडे माझा माल आहे."

"कसला माल?"

"शिवी. हा माणूस माझा म्तानी. ह्याच्या तोंडातून निघते ती शिवी माझ्या नावाने निघते. परवाची चुकून तुमच्या धक्क्याला लागली. गाईचं शेपूट आमच्या घराण्याचं, समुद्राची भीती माझ्या पणजोबाची, मयताच्या घरातून वस्तू ओढायचा हक्क माझा. ह्यातलं तुमचं काय आहे? काही नाही! बंदरात असं होतं कधी कधी. पण माल ज्याचा त्याला परत करावा लागतो."

साहेबांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "परत कसा करायचा?"

"आला तसा. माझ्याकडे तोंड करून बोला."

साहेब उभे राहिले. शर्ट खाली ओढला. शाळेत कविता म्हणायला उभं राहावं तसे हात बाजूला धरले आणि म्हणाले, "गाईचं शेपूट धरून आलीस की वाटेत सुटलं?"

"मोठ्याने! पोचलं नाही."

"समुद्राला घाबरू नकोस!" साहेब ओरडले. "पिऊ नकोस! नुसता बघ!"

आधी चांडेला हसू फुटलं. मग किनाराच फुटला. साहेबांच्या स्वतःच्या तोंडाचा कोपरा हलला. पुढचं बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि खाली पायांकडे बघितलं.

"बूट राहू द्या," मिलेंबे हळू म्हणाली. "ते तुमचेच."

तिला इतक्या हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

साहेब खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने मझे कितवानांना म्हणाले, "हायांचं इथे थट्टेचं नातं कुणाशीच नाही का?"

"नाही, साहेब."

"नाही म्हणजे?" मिलेंबे म्हणाली. "सुरुवात केली की होतं. दोन-तीन पिढ्या लागतील."

"मग करा सुरुवात," साहेब म्हणाले.

"करते. साहेब, बूट झकास आहेत. पण वाळूत बूट घालून येणारा आणि पाण्यात सायकल घालणारा, दोघांना एकाच खुंट्याला बांधायला पाहिजे."

साहेबांनी बूट काढले, मोजे आत कोंबले, आणि बूट मांडीवर घेऊन निकाल सांगितला. बदामाखालचा ओटा होड्या ज्याच्याकडे लागतात त्याला, म्हणजे पाझीच्या घराण्याला. शेजारचा ओटा सेफूला, कर्णा न लावण्याच्या अटीवर. मग अनवाणीच गेले. जाताना मिलेंबेकडे तळलेली तांब मागितली, आणि तिने शिळी आहे म्हणून सांगून ताजी दिली.

शुक्रवार, २८ जून

म्तानीने एवढं केलं म्हणजे तिला भेट द्यायलाच हवी, आणि ती मागेल ती. पण ती मागतच नाही! सोमवारी शेळी नेली, परत पाठवली. मंगळवारी चहाची नवी किटली, परत. काल माझी ईदची टोपी नेली तर म्हणाली, "अजून काय आणशील? घराची कौलं?" मी म्हटलं, हवी असतील तर उतरवतो. तिने चूल उचलून पुन्हा रस्त्याकडे नेली.

डोळ्यांना आता धूर लागत नाही. तरी पुकाऱ्याला मजा नाही. मासळीला उगाच दोनदा दुवा देऊन झाली.

बुधवार, ३ जुलै

दादा आला. वाळलाय, डोक्याचा गोटा केलाय, चेहऱ्यावर नूर. येताना झमझमचं पाणी आणलं. गाव लोटलं.

माणसं गेल्यावर मी म्हटलं, "दादा, जागा राखली. आता उद्यापासून तू."

"मी हज करून आलोय," दादा म्हणाला. "आता शिळं पाकट ताजं म्हणता यायचं नाही, आणि शिळं म्हटलं तर माझ्याकडून कोणी घ्यायचं नाही. तुझ्याकडून घेतात, असं मी विमानतळावर उतरल्यापासून ऐकतोय. पुकारा तुझा."

मग मी त्याला मिलेंबेचं सांगितलं. धूर, चढा भाव, शेळी, किटली, टोपी, कौलं. कांग्यांवर काय काय लिहिलं होतं तेही सांगितलं, कारण त्याने खोदून विचारलं. दादा आधी हसला, मग खोकला, मग वहिनीला हाक मारून तिलाही परत सांगायला लावलं. वहिनी पदरात तोंड घालून स्वयंपाकघरात गेली, आणि आतून तिचं हसणं येतच राहिलं.

"माझी एक माफी इथे अडकून पडलीय," दादा डोळे पुसत म्हणाला. "मी निघालो तेव्हा तिने काय मागितलं होतं, आठवतं?"

मला आठवलं. मुका भाऊ.

"ते थट्टेत होतं," मी म्हटलं.

"मग म्तानी आणखी कशात मागणार?"

दुपारची असरची नमाज झाली. तिच्यात माझं लक्ष नव्हतं, अल्लाह माफ करो. स्वच्छ कांझू घातला. दादाच्या डब्यातून पेलाभर झमझम घेतलं आणि हाताने झाकून किनाऱ्यावर गेलो. सांडू नये म्हणून इतका हळू चाललो की वाटेत मझे कितवानांनी विचारलं, कोण आजारी आहे?

मिलेंबे चूल आवरत होती. वर बघितलं नाही. "आता काय आणलंस, पाणीविक्या?"

"पाणी," मी म्हटलं. "मक्केचं. विकायला नाही."

तिने झारा खाली ठेवला. हात कांग्याला पुसले, दोन्ही बाजूंनी. पेला घेतला, मक्केच्या दिशेला, किब्ल्याकडे तोंड केलं, बिस्मिल्ला म्हणून एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात धरून ठेवला.

"खारट आहे," ती म्हणाली.

आणि तिने पेला पूर्ण रिकामा केला.